शेगडीचा आवाज नक्की कुठून येतो

ती. वन्संना,

दोन्ही हात जोडून आणि मान शक्य तितकी लववून नमस्कार. (साष्टांग असं लिहिणार होते, पण हल्ली खाली बसले की उठताना टेबलाचा पाय धरावा लागतो, आणि प्रत्यक्षात न घातलेला नमस्कार कागदावर घालणं आमच्या शाळेतल्या सिस्टरांना मुळीच आवडलं नसतं.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधता, की मागच्यासारखा तो खुर्चीच्या पायाला बांधून "हिला माझ्यापेक्षा जास्त गरज आहे" असं सांगता? झोप लागते का? खोकला गेला का? शेजारच्या बाईंनी त्यांचा कुत्रा आवरला का? तुमच्या पत्रात या तिन्हींचा उल्लेख एकाच वाक्यात होता, त्यामुळे कुणामुळे कोण जागं राहतं ते मला नीटसं उमगलं नाही.

आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे छप्पर जागेवर आहे, आम्ही दोघं छपराखाली आहोत आणि तुमचे बंधू वजनानं थोडे वाढले आहेत. तुमचा मरून स्वेटर मात्र अजून एका बाहीचाच आहे. त्याचं कारण मोठं आहे आणि ते सांगण्यासाठीच हे पत्र लिहायला बसले आहे. चहा जवळ घेऊन बसा.

तुम्ही मागे येऊन गेलात त्यानंतर आम्ही बैठकीच्या खोलीत नवी शेगडी बसवली, हे तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. पण फोनवर ती नीट कळली नसणार. ही साधी लाकडं घालायची शेगडी नाही. लाकडाचा भुसा दाबून त्याच्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्या केलेल्या असतात, त्यांना पेलेट म्हणतात. त्यांची पोती मिळतात. पोतं शेगडीच्या डोक्यावरच्या पेटीत ओतायचं, की आतला एक फिरता स्क्रू थोड्या थोड्या कांड्या विस्तवात टाकत राहतो. पुढे काच आहे, तिच्यातून ज्वाळा दिसतात. शिवाय पोटात दोन पंखे आहेत. एक धूर ओढून नळीतून बाहेर टाकतो आणि दुसरा गरम हवा खोलीत सोडतो, त्याला ब्लोअर म्हणतात. या सगळ्याला वीज लागते. म्हणजे वीज गेली की आगही जाते. (आपल्या लहानपणी आग आणि वीज या दोन वेगवेगळ्या काळज्या होत्या, आता एकीत दोन्ही मिळतात.) शेगडी निवडली तुमच्या बंधूंनी. दुकानदाराला त्यांनी इतके प्रश्न विचारले की शेवटी तो आम्हालाच विचारायला लागला.

आता मूळ गोष्ट. तुम्हाला आठवत असेल, लग्न होऊन मी तुमच्या घरी आले तेव्हा माझं मराठी वाचन अगदी अडखळत होतं. कॉन्व्हेंटात आम्हाला मराठी आठवड्यातून जेमतेम एकदा, तेही खिडक्या पुसायच्या तासाला जोडून असायचं. तेव्हा तुम्हीच मला रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचायला बसवलं होतंत, आणि तुमचे बंधू मोजणी खात्यातून दमून आले की चुका ऐकायला मुद्दाम समोर येऊन बसायचे. चुका हळूहळू संपल्या, पण बसणं काही संपलं नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी वाचते आणि ते ऐकतात. मुलगी झाली, मोठी झाली, सासरी गेली, ते निवृत्त झाले, आमची तीन घरं बदलली; वाचन चालूच. ते शेगडीकडे पाठ करून बसतात (कंबर शेकते), मांडीवर ताटली घेऊन अक्रोड फोडतात आणि मधूनमधून एखाद्या पात्राला शिव्या घालतात. मला सांगायला लाज वाटत नाही वन्सं, दिवसभरात आम्ही दोघं जे काही बोलतो त्यातला अर्ध्याहून जास्त भाग त्या पात्रांविषयीच असतो. ती नसती तर आम्हाला फक्त भाजीविषयी बोलावं लागलं असतं.

तर थंडी सुरू झाली आणि शेगडीचा पंखा आवाज करायला लागला. आधी नुसती गुणगुण होती. मग घरघर झाली. मग तिच्यात किरकिर मिसळली, आणि पंखा जोरात लावला की कुणीतरी पत्र्याच्या डब्यात चमचा ढवळतंय अशी खडखड. आम्हाला पियानो शिकवणाऱ्या सिस्टर (त्या काळी त्यांच्या हातातली पट्टी हे वाद्यच होतं) म्हणायच्या की बिघडलेला सूर कुठल्या पट्टीतून येतो ते कळण्यासाठी फक्त गप्प बसावं लागतं. मी गप्प बसले आणि मला कळलं की आवाज शेगडीच्या उजव्या बाजूनं, खालच्या अंगानं येतो आहे. पण गप्प बसून कळलेली गोष्ट सांगायची कशी, हे काही सिस्टरांनी शिकवलं नव्हतं.

"उजवीकडून येतोय" एवढं मी सांगून बघितलं, पण तुमच्या बंधूंनी पहिल्याच दिवशी पुस्तक मिटायला लावलं. म्हणाले, "या गोंगाटात तुझं एक अक्षर कळत नाही. हा पंखा नीट झाला की मग वाचू." आम्ही नेमके अशा ठिकाणी आलो होतो की कथेतला धाकटा भाऊ बारा गावचं पाणी पिऊन घराच्या दारात उभा आहे आणि आतून कडी निघत नाही. तो तसाच उभा राहिला. संध्याकाळी मी विणकाम घेऊन शेगडीच्या शेजारी बसायची, ते अक्रोड न फोडताच खायचे (म्हणजे मी आधी फोडून ठेवायची) आणि पंखा घरघरत असायचा. मुलीचा फोन आला तरी ते घेईनात. "आधी हा पंखा थांबू दे," म्हणत फोन माझ्याकडे द्यायचे आणि वर्तमानपत्रात तोंड घालायचे. ती मला विचारायची, "आई, बाबा चिडलेत का माझ्यावर?" मी सांगायची, "बाबा पंख्यावर चिडलेत." असं किती दिवस चालणार? मला त्या भावाला घरात घ्यायचं होतं, वन्सं. कुणीतरी पंखा दुरुस्त करणं भाग होतं.

आधी दुकानात फोन केला. दुकानातला माणूस सभ्य होता. म्हणाला, येणं लगेच जमणार नाही, पण फोन शेगडीजवळ धरा, मी ऐकून सांगतो. मी धरला. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "बाई, पंख्याचा आवाज मला येतच नाही. तिथे कुणी भाषण करतंय का?" ते तुमचे बंधू होते. दाराशी उभे राहून ते मला फोन कसा धरायचा ते सांगत होते. त्यांचा आवाज हल्ली थोडा खणखणीत झाला आहे. (मला वाटलं, निवृत्तीनंतर अधिकार गाजवायला माणसं उरली नाहीत म्हणून असेल.) दुकानदारानं सांगितलं की बहुधा पंख्यात धूळ बसली असेल किंवा बेअरिंग कोरडं पडलं असेल, शेगडी पूर्ण गार करा, प्लग काढा, आणि आधी आवाज कुठल्या पंख्याचा ते शोधा.

"शोधा" हा शब्द तुमच्या बंधूंपुढे काढायला नको होता. सगळा जन्म ज्यांनी दुर्बिणीतून टेकड्या बघत जमिनीचे नकाशे काढले, त्यांना एका शेगडीचा आवाज शोधायला सांगितल्यावर काय होणार! म्हणाले, हे तर सोपं आहे, तीन ठिकाणांवरून दिशा घ्यायची, तीन रेषा मारायच्या, जिथे मिळतील तिथे दोष. त्यांनी सतरंजी गुंडाळून ठेवली. मला खडू दिला. स्वतः आधी दाराशी, मग खिडकीशी आणि मग सोफ्याच्या कडेला डोळे मिटून उभे राहिले, आणि आवाज जिकडून येतोय तिकडे हात ताठ करून दाखवू लागले. त्यांच्या हाताखाली फरशीवर रेष मारायचं काम माझं. (या वयात रांगण्याचा योग येईल असं वाटलं नव्हतं.) तिन्ही रेषा इतक्या सुंदर एका ठिकाणी मिळाल्या की काय सांगू. फक्त ते ठिकाण शेगडी नव्हतं. ते समोरच्या भिंतीतलं कपबश्यांचं कपाट होतं.

मी बोट दाखवून म्हटलं, "अहो, शेगडी तिकडे आहे."

"शेगडी कुठे आहे ते मला दिसतंय," ते म्हणाले. "आवाज कुठे आहे ते बघतोय आपण."

"पण कपाटात पंखाच नाही."

"पंख्याच्या हादऱ्यानं कपाटातलं काहीतरी वाजतंय. साधी गोष्ट आहे. तुझ्या सिस्टरांनी तुला हादरे शिकवले नाहीत का?"

सिस्टरांनी खरंच शिकवले नव्हते. आम्ही कपाट रिकामं केलं. सगळ्या कपबश्या, बरण्या, तुमच्या आईंचे जाड काचेचे पेले आणि तुम्ही आम्हाला लग्नात दिलेला चहाचा सेट, सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं. आवाज होता तिथेच होता. मग त्यांनी दुसऱ्यांदा दिशा घेतल्या. या वेळी रेषा खिडकीबाहेर, रस्त्याच्या वर कुठेतरी मिळाल्या. ते स्वतःही थोडे विचारात पडले. मग म्हणाले, "पहिली मोजणी जास्त समजूतदार होती." (त्या सेटमधल्या किटलीच्या झाकणाची गुंडी या मोजणीत फुटली. हे मी पत्राच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात लिहिणार होते, पण तुम्ही शेवट आधी वाचता हे मला माहीत आहे.)

दुसऱ्या दिवशी शेगडी गार करून, प्लग काढून त्यांनी तिची डावी बाजू उघडली. डावी का, तर मी उजवी म्हणाले होते. डावीकडे धुराचा पंखा असतो. त्याला जागेवर बसवणारे स्क्रू त्यांनी फार काळजीपूर्वक काढले, क्रमानं वाटीत ठेवले, वाटीवर झाकण ठेवलं, आणि मग पंखा ओढला. वन्सं, शेगडीच्या पोटात किती काजळी असते याचा तुम्हाला अंदाज नाही. मलाही नव्हता. ती आधी त्यांच्या चेहऱ्यावर बसली, मग चष्म्यावर, मग नुकत्याच धुवून आलेल्या पडद्यावर, आणि उरलेली संथपणे टेबलावर मांडलेल्या कपबश्यांमध्ये उतरली, एकही कप न वगळता. तुमचे बंधू विजयानं हसले. दात तेवढे पांढरे दिसत होते. म्हणाले, "बघ. घाण होतीच." त्यांनी पंखा ब्रशनं इतका स्वच्छ केला की तो दुकानातल्यासारखा चमकायला लागला, पुन्हा बसवला, प्लग लावला, कांड्या टाकल्या, शेगडी पेटवली. पत्र्याच्या डब्यातला चमचा पूर्वीच्याच उत्साहानं ढवळायला लागला. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "फरक आहे."

मी म्हटलं, "हो, आहे." (लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस एवढं खोटं बोलतो. सिस्टरांचं लग्न झालेलं नव्हतं.)

तीन दिवस मी कपबश्या धूत होते आणि कथेतला भाऊ दारात उभा होता. चौथ्या दिवशी दुपारी ते केस कापायला गेले. न्हावी त्यांच्या जुन्या ओळखीचा आहे, तिथे गप्पांत वेळ जातो, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते जिना उतरले आणि मी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिवणवालीला हाक मारली. ही बाई पडदे आणि खुर्च्यांची कापडं शिवते, स्वभावानं मोकळी आहे आणि माझ्याहून बरीच तरुण असली तरी माझ्याशी बरोबरीनं भांडते. तिच्याकडे मशिनचं तेल, बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि दोऱ्याचे गुंते काढायचा चिमटा असतो. आल्या आल्या म्हणाली, "काकू, काकांना न सांगता उघडायची?"

"त्यांनी त्यांची बाजू उघडली, आता मी माझी उघडते."

"आणि आल्यावर ओरडले तर?"

"पंखा नीट झाला असेल तर ओरडण्याचं कारण उरणार नाही. नसेल झाला तर ओरडलेलं ऐकू येणार नाही."

प्लग काढला. शेगडी सकाळपासून बंदच ठेवली होती. ("पेलेट संपलेत," असं सांगितलं होतं. पोतं माझ्या पलंगाखाली होतं.) उजवा पत्रा उघडला. आत लांबट पिंजऱ्यासारखा पंखा होता, पातळ पात्यांचा. त्याच्या निम्म्या पात्यांवर, एकाच बाजूला, घोंगडीसारखा जाड थर बसलेला. शिवणवालीनं चिमट्यानं एक लांब पट्टी सोलून काढली, उजेडात धरली आणि माझ्याकडे बघितलं. लोकर होती. मरून.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा पंखा खालच्या जाळीतून खोलीतली हवा आत ओढतो. जाळीच्या अगदी तोंडाशी माझी विणकामाची टोपली. रोज संध्याकाळी वाचायचं सोडून मी विणत बसले होते, आणि तुमच्या स्वेटरच्या लोकरीचा सगळा भुरा शेगडी मुकाट्यानं गिळत होती. म्हणजे सुरुवातीला गुणगुण होती तेव्हा थोडीशी धूळच असेल. त्यामुळे वाचन थांबलं, वाचन थांबलं म्हणून मी विणायला बसले, आणि मी जितकं विणलं तितका पंखा एका बाजूला जड होऊन खडखडत गेला. शिवणवाली हसून हसून फरशीवर बसली. म्हणाली, "काकू, एक बाही तुम्ही विणली, दुसरी हिनं." (म्हणून दुसरी बाही अडली आहे. लोकर कमी पडली.)

बाकीचं काम सरळ होतं. जुन्या दात घासायच्या ब्रशनं एकेक पातं साफ केलं, व्हॅक्यूम क्लीनरनं भुरा ओढून घेतला, पंखा बोटानं फिरवून तो कुठे घासत नाही ना ते बघितलं. दोन टोकांच्या बेअरिंगांत तिनं तेलाचा एकेक थेंब सोडला, जास्त नाही. पंखा धरून ठेवणारा एक स्क्रू सैल होता, तो मी स्वतः घट्ट केला. पत्रा बसवून, प्लग लावून पाच मिनिटं नुसता पंखा चालवून बघितला. वन्सं, शांतता! भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक कितीतरी दिवसांनी खोलीत परत आली. शिवणवाली म्हणाली, तेल थोडं मुरू द्या, तासाभरानं पेटवा. म्हणून आम्ही प्लग पुन्हा काढून सतरंजीवर ठेवला, ती हत्यारं घेऊन वर गेली, आणि तेवढ्यात जिन्यावर तुमच्या बंधूंची पावलं वाजली.

मी पटकन पुस्तक घेऊन बसले. ते आले, टोपी काढून नवे केस दाखवले, मी छान म्हटलं. उन्हं खिडकीतून थेट आत येत होती, खोली चांगली उबदार होती. ते नेहमीसारखे शेगडीकडे पाठ करून बसले. म्हटलं, आता वाचते. त्यांनी काही म्हणायच्या आत मी सुरुवातही केली. तो भाऊ कडी वाजवतो, आतून म्हातारी विचारते कोण आहे, आणि तो नाव सांगायचं सोडून पुन्हा कडीच वाजवतो. मी तो भाग शाळेत शिकवलं होतं तसा, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा वाचला. आणि तुमच्या बंधूंनी हात वर केला. म्हणाले, "राहू दे गं. या पंख्यापुढे तुझं काही कळत नाही."

बोलताना त्यांनी अंगठ्यानं मागे शेगडीकडे खूण केली, आणि सवयीनं वळून बघितलं. काच काळी होती. आत ज्वाळा नव्हती. शेगडीची वायर सतरंजीवरून येऊन आमच्या दोघांच्या मध्ये पडली होती आणि तिच्या टोकाला प्लग, अगदी त्यांच्या चपलेपाशी. त्यांनी प्लगकडे बघितलं. मीही प्लगकडेच बघितलं, कारण दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

मला तेव्हा एकेक गोष्ट आठवायला लागली. मोजणीच्या त्या रेषा. तो खणखणीत आवाज. त्यांनी मध्यंतरी, "उजेड बरा येतो" म्हणून, खुर्ची माझ्या दुसऱ्या बाजूला हलवली होती ती. मुलीचा फोन. सगळा दोष पंख्याचा म्हणून आम्ही त्या पंख्याला उघडलं, खरवडलं, तेल घातलं. आणि तो बिचारा जे करत होता ते एवढंच, की त्यांना पांघरूण घालत होता.

ते वाकले, प्लग उचलला आणि भिंतीत लावला. "विझली होती वाटतं," म्हणाले. कांड्या कुठून आल्या हे त्यांनी विचारलं नाही, मी पलंगाखालून आणल्या. शेगडी पेटली, थोड्या वेळानं पंखा सुरू झाला, अगदी बिनबोभाट. त्यांनी पत्र्यावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "चांगला फिरतोय." आणि स्वयंपाकघरात जाऊन दोन कप चहा करून आणला. माझ्यात साखर जास्त पडली होती. मी प्यायले.

असो. शेगडी दुरुस्त झाली, एवढंच कळवायचं होतं. गुडघ्याला पट्टा बांधा. खुर्चीच्या नव्हे, तुमच्या. उत्तराची वाट बघते.

तुमची,
नवी

(तुम्ही मला अजून याच नावानं हाक मारता, म्हणून. बाकी कुणाला ते आता पटण्यासारखं नाही.)

ता. क. शक्य असेल तर थंडी संपायच्या आत चार दिवस राहायला या. कारण विचारतील तर स्वेटरचं माप द्यायला आलात म्हणा. करायचं एवढंच: त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसायचं, कानातलं ते यंत्र आरामात काढायचं, रुमालानं पुसायचं आणि परत घालायचं. बोलायचं काही नाही. मी बोलले तर ते उठून जातील; तुमचं मात्र ते लहानपणापासून ऐकत आले आहेत, झाडावरून उडी मारायला सांगितलीत तेव्हासुद्धा. तुम्हीही यंत्र घेण्याआधी दोन वर्षं "हल्लीची माणसं पुटपुटतात" असं म्हणत होतात, हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आणि मी हे लिहिलं आहे हे त्यांना कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. आल्यावर पंख्याचा आवाज ऐकू आला तर तक्रार करू नका. रविवारी मोजणी खात्यातले त्यांचे जुने सोबती पत्ते खेळायला येणार होते, आणि "आमच्या पंख्यामुळे जरा मोठ्यानं बोला" असं त्यांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. आता पंखाच गप्प म्हटल्यावर त्यांनी काय करायचं? म्हणून मी उजवा पत्रा उघडून तो एक स्क्रू अर्धा वळसा सैल करून ठेवला आहे. किरकिर बेताची आहे. रविवारी सगळे एकमेकांवर आनंदानं ओरडत होते. माझा अंदाज आहे की पंख्याची सोय त्यातल्या बऱ्याच जणांना झाली.

ता. क. तिसरा. तिकीट संपलं होतं म्हणून पाकीट बंद करायचं राहिलं, ते बरंच झालं. आज सकाळी उठून बघते तर पंखा गप्प. पत्रा उघडून बघितला. स्क्रू घट्ट होता, माझ्याहून जास्त घट्ट. स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या कोटाच्या खिशात सापडला. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते म्हणाले, "काल शेगडीवर कप ठेवला तर चहा थरथरत होता. एक स्क्रू सैल झाला होता. आपोआप." 'आपोआप' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वर्तमानपत्र उघडलं, आणि वर्तमानपत्राच्या मागून म्हणाले, "ताईला पत्र लिहितेयस ना? तिला विचार, ते कानातलं टोचतं का म्हणून."

तर वन्सं, टोचतं का ते कळवा. टोचत असेल तर ते मला वेगळ्या कागदावर कळवा, आणि त्यांच्या कागदावर टोचत नाही असं लिहा. तो भाऊ अजून दारात उभा आहे. सिस्टरांचं मी बघून घेईन.